सेंद्रिय सुती कपडे घेताना: आधी चादर, मग टी-शर्ट

‘ऑरगॅनिक कॉटन’ अशी हिरवी चिठ्ठी लटकवलेला टी-शर्ट शेजारच्या साध्या टी-शर्टापेक्षा बराच महाग असतो. चिठ्ठीवर एक पान, एक थेंब आणि अमुक इतकं पाणी वाचवल्याचा आकडा. घ्यावा की ठेवून द्यावा? ज्यांना पर्यावरणाची चाड आहे आणि महिन्याचा हिशेबही जुळवायचा आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

उत्तर आधीच सांगून टाकतो. सेंद्रिय कापसाचा पर्यावरणाला फायदा होतो, आणि तो जवळजवळ सगळा कपाशीच्या शेतात होतो. हे एकदा ध्यानात घेतलं की कोणता दावा खरा, कोणता फुगवलेला, कोणत्या चिठ्ठीला किंमत द्यायची आणि मोजके पैसे आधी कशावर घालायचे, हे ठरवणं सोपं जातं.

शेतात काय बदलतं

महाराष्ट्रात ४० लाख हेक्टरांच्या आसपास जमीन कापसाखाली असते. क्षेत्राच्या हिशेबात आपलं राज्य देशात पहिलं. म्हणजे हा विषय आपल्यासाठी परदेशी फॅशनचा नाही. विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशातल्या काळ्या जमिनीचा आहे.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात काय झालं ते अनेकांना आठवत असेल. कपाशी त्या वर्षी माणसाच्या उंचीएवढी वाढली होती, हवा दमट होती, किडीचा जोर होता. शेतकरी आणि शेतमजूर पाठीवर पंप घेऊन, दोन-तीन औषधं एकत्र कालवून, तोंडाला फार तर एखादा रुमाल बांधून फवारत होते. वीसहून अधिक माणसं विषबाधेने गेली. शेकडो जण दवाखान्यात भरती झाले, काहींच्या डोळ्यांवर परिणाम झाला. कापसाच्या पर्यावरणाबद्दल बोलताना नदी, मासे, मधमाश्या यांची नावं लगेच येतात. फवारणारा माणूसही त्याच पर्यावरणात उभा असतो, आणि विष सगळ्यांत आधी त्याच्या अंगावर पडतं.

फवारणी इतकी वाढली कशी, याची गोष्ट सरळ नाही. २००२ मध्ये भारतात बीटी कापसाला परवानगी मिळाली. बोंडअळी मारणारं प्रथिन झाडातच तयार होऊ लागलं आणि पहिली काही वर्षं फवारण्या खरंच कमी झाल्या. हे मान्य केलं पाहिजे. सेंद्रियवाले पुष्कळदा ते गाळतात. पण बीटीचे बहुतेक संकरित वाण तुडतुडे, मावा, फुलकिडे, पांढरी माशी अशा रस शोषणाऱ्या किडींना बळी पडणारे निघाले, आणि त्यांच्यासाठी फवारण्या वाढत गेल्या. पुढे गुलाबी बोंडअळीही बीटीला पुरून उरली. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक केशव क्रांती आणि अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ ग्लेन स्टोन यांनी २०२० मध्ये ‘नेचर प्लांट्स’ या नियतकालिकात वीस वर्षांचा आढावा मांडला. शेतकरी कीटकनाशकांवर बीटी येण्याआधीपेक्षाही जास्त खर्च करू लागले आहेत, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यात आता बेकायदा ‘चोरबीटी’ची भर पडली आहे. या कपाशीवर तणनाशक फवारलं तरी ती मरत नाही, म्हणून निंदणीची मजुरी वाचवायला ती लावली जाते आणि तणनाशकाचे कॅन शेतात येतात.

सेंद्रिय शेतीत रासायनिक कीटकनाशक चालत नाही, तणनाशक चालत नाही, युरिया-डीएपी चालत नाही आणि जनुकीय बदल केलेलं बियाणंही चालत नाही. मग शेतकरी करतो काय? निंबोळी अर्क फवारतो. बोंडअळीच्या पतंगांसाठी कामगंध सापळे लावतो, पांढऱ्या माशीसाठी पिवळे चिकट सापळे. कपाशीत तूर, मूग, चवळी, कडेला झेंडू किंवा अंबाडी लावतो, म्हणजे मित्रकिडींना आसरा मिळतो आणि काही शत्रुकिडी तिकडे वळतात. शेणखत, गांडूळखत घालतो. डवरे जास्त वेळा चालवतो. मजुरी वाढते, विषाचा खर्च जातो.

मातीची बाजू याहून कमी बोलली जाते, पण माझ्या मते जास्त टिकाऊ आहे. युरिया बनवायला नैसर्गिक वायू जाळावा लागतो. शेतात टाकल्यावर त्यातल्या नायट्रोजनचा काही भाग नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातो. हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवणारा मानला जातो. शेणखतातूनही तो निघतो, त्यामुळे सेंद्रिय शेत म्हणजे शून्य उत्सर्जन असं कोणी सांगितलं तर मान डोलवू नका. मात्र युरियाच्या कारखान्यातला धूर वाचतो, आणि शेणखत-कंपोस्टाबरोबर मातीत सेंद्रिय कर्बही जातो. ज्या जमिनीत कर्ब टिकून आहे ती पावसाचं पाणी जास्त धरते. विदर्भात पाऊस पंधरा-वीस दिवस दडी मारतो तेव्हा पाते गळायचे की टिकायचे, हे पुष्कळदा त्या ओलीवर ठरतं.

आणखी एक गोष्ट शहरातलं गिऱ्हाईक विसरतं. कापसाच्या वजनात रुई जेमतेम एक तृतीयांश; बाकी सरकी. सरकीचं तेल निघतं, ढेप गाई-म्हशींना जाते. म्हणजे कपाशीच्या शेतात जे फवारलं जातं त्याचा संबंध कपाटाशी आहे तसा गोठ्याशीही आहे.

उत्पन्नाचं काय? शेजारच्या मध्य प्रदेशात, खरगोन जिल्ह्यातल्या कसरावदला, नर्मदेच्या खोऱ्यात २००७ पासून एक दीर्घ प्रयोग चालू आहे. स्वित्झर्लंडची फिब्ल ही सेंद्रिय शेती संशोधन संस्था आणि तिथली बायोरे संस्था मिळून तो करतात. एकाच शिवारात सेंद्रिय आणि रासायनिक प्लॉट शेजारी शेजारी. पहिल्या दोन वर्षांत सेंद्रिय कपाशीचं उत्पन्न रासायनिकपेक्षा २९ टक्क्यांनी कमी आलं. पुढच्या दोन वर्षांत दोन्हींचं जवळपास सारखं आलं; एक कारण असं की रासायनिक प्लॉटांचंच उत्पन्न खाली आलं होतं. खर्च कमी असल्याने त्या दोन वर्षांत सेंद्रियचा नफा उलट जास्त निघाला. उत्पन्न घटतं तेव्हा तेवढ्याच कापसाला जास्त जमीन लागते, हा आक्षेप योग्य आहे. तो लपवून सेंद्रियची बाजू मांडण्यात अर्थ नाही. पण सुरुवातीची दोन-तीन वर्षं हाच खरा चढ आहे, आणि गिऱ्हाईक म्हणून आपण कुठे उपयोगी पडू शकतो याचा धागाही तिथेच आहे.

कोणत्या दाव्यांवर भाळू नये

पाण्याचा आकडा आधी घेऊ, कारण तोच चिठ्ठीवर सगळ्यांत मोठ्या अक्षरात असतो. सेंद्रिय कापसाला ९१ टक्के पाणी कमी लागतं, हे वाक्य तुम्ही कुठे ना कुठे वाचलं असेल. ते २०१४ च्या एका अभ्यासावरून आलं. त्यात तपासलेली सेंद्रिय शेतं बहुतांशी पावसावरची होती आणि तुलनेची आकडेवारी बागायती कापूस जास्त असलेल्या प्रदेशांची. फरक मुख्यतः पाऊस आणि पाटाचा होता. सेंद्रिय आणि रासायनिकचा कमी. महाराष्ट्रातला ९० टक्क्यांहून जास्त कापूस कोरडवाहू आहे, मग तो बीटी असो की सेंद्रिय. विदर्भातल्या कापसाच्या टी-शर्टवर कोणी हजारो लिटर पाणी वाचवल्याचं छापत असेल, तर त्या चिठ्ठीच्या बाकीच्या मजकुराकडेही जरा संशयाने पाहा. पाण्याच्या बाबतीत सेंद्रियचा खरा फायदा वेगळा आहे: विहिरीत आणि नाल्यात रासायनिक कीटकनाशक झिरपत नाही, नायट्रेटही बहुधा कमी. हा फायदा लिटरमध्ये छापता येत नाही, म्हणून चिठ्ठीवर येत नाही.

दुसरा दावा त्वचेचा. साध्या सुती कपड्यातलं कीटकनाशक अंगात जातं, बाळाला तर हमखास सेंद्रियच हवं, असं सांगून झबली-टोपडी चांगल्या दुप्पट भावाने खपतात. सूत आणि कापड तयार होताना ते उकळतं, विरंजन होतं, पुन्हा पुन्हा धुतलं जातं. शेतातलं कीटकनाशक त्यात नावापुरतंही क्वचितच उरतं. त्वचेला त्रास व्हायचा तर तो रंगांचा आणि शेवटच्या प्रक्रियेतल्या रसायनांचा होतो. ‘सुरकुत्या पडत नाहीत’ अशा सुती शर्टावर पुष्कळदा फॉर्मल्डिहाइडवर आधारित राळ चढवलेली असते. तेव्हा बाळासाठी कपडे घेताना कापूस कुठला याइतकंच रंगवलाय कशाने हे विचारा. नाहीतर आजीच्या मऊ झालेल्या लुगड्याची दुपटी काढा; शेकडो वेळा धुतलेल्या त्या कापडाहून सुरक्षित बाजारात काही मिळायचं नाही.

तिसरा दावा, सुती कपडा मातीत मिसळतो. मिसळतो, पण साधा सुतीही मिसळतो. ते श्रेय सुताचं आहे. पॉलिस्टर धुताना प्लास्टिकचे बारीक तंतू सांडपाण्यात जातात, त्यामानाने कोणताही शुद्ध सुती कपडा बरा. म्हणून सेंद्रिय परवडत नसेल तर पॉलिस्टर किंवा ‘बांबूचं कापड’ घेऊ नका, साधं सुती घ्या. बांबूचं म्हणून जे विकतात ते बहुतेक व्हिस्कोज असतं, आणि ते बनवताना कार्बन डायसल्फाइड हे विषारी रसायन लागतं.

चिठ्ठी कशी वाचायची

‘नॅचरल’, ‘इको’, ‘प्युअर कॉटन’, ‘१०० टक्के कॉटन’, ‘अर्थ फ्रेंडली’. यांतल्या एकाही शब्दाचा सेंद्रिय असा अर्थ होत नाही. ते वाचून पुढे चला.

ज्या खुणेला सगळ्यांत जास्त वजन द्यावं ती गॉट्स, म्हणजे ग्लोबल ऑरगॅनिक टेक्स्टाइल स्टँडर्ड. पांढऱ्या शर्टाचं चित्र असलेला हिरवा गोल. ही खूण शेतापाशी थांबत नाही. जिनिंगपासून शिवणापर्यंतचा प्रत्येक टप्पा तपासला जातो: क्लोरीनने ब्लीच करायचं नाही, घातक अझो रंग आणि जड धातू वापरायचे नाहीत, रंगाचं सांडपाणी शुद्ध केल्याशिवाय सोडायचं नाही, कामगारांच्याही काही अटी पाळायच्या. तिच्या दोन पायऱ्या आहेत. नुसतं ‘ऑरगॅनिक’ लिहिलं असेल तर किमान ९५ टक्के धागा सेंद्रिय. ‘मेड विथ ऑरगॅनिक’ लिहिलं असेल तर किमान ७० टक्के. खऱ्या चिठ्ठीवर गोलाखाली प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचं नाव आणि परवाना क्रमांक असतो. तो क्रमांक गॉट्सच्या संकेतस्थळावर शोधता येतो. फोन खिशात असतोच, दुकानात उभ्या उभ्या दोन मिनिटांचं काम. नुसता गोल आहे आणि खाली काही नाही, तर तो छापखान्यातला गोल समजा.

सांडपाण्याची अट मला विशेष महत्त्वाची वाटते. आपल्या अंगावरचे बनियन, टी-शर्ट मोठ्या प्रमाणावर तमिळनाडूतल्या तिरुपूरहून येतात. तिथल्या रंगाईच्या कारखान्यांनी नोय्यल नदीची आणि तिच्यावरच्या ओरतुपाळयम धरणाची अशी दशा केली की २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने शेकडो युनिटं बंद करायला लावली. इचलकरंजीजवळची पंचगंगा आपल्याला त्याहून जवळची. शेत विषमुक्त ठेवायचं आणि तोच कापूस रंगवून नदी नासवायची, याला काय अर्थ आहे?

ओसीएस ही दुसरी खूण. ऑरगॅनिक कंटेंट स्टँडर्ड. धागा सेंद्रिय आहे आणि किती आहे, एवढंच ती सांगते. रंग, रसायनं, कामगार यांबद्दल ती गप्प. ‘ओसीएस १००’ असेल तर किमान ९५ टक्के सेंद्रिय. ‘ओसीएस ब्लेंडेड’ असेल तर ५ टक्के सेंद्रिय असूनही चिठ्ठी मिळते. हा फरक दुकानदारालाही बहुधा ठाऊक नसतो.

बाकीच्या खुणा आपापल्या जागी चांगल्या, पण सेंद्रियच्या नव्हेत. बेटर कॉटन म्हणजे कमी रसायनं वापरण्याचा प्रयत्न. त्यात बीटी चालतं, कीटकनाशक चालतं. ओएको-टेक्सची नेहमीची खूण तयार कापडात घातक द्रव्यं नाहीत ना ते तपासते, शेताशी तिचा संबंध नाही. हँडलूम मार्क हातमागाचा. आणि खादी मार्क हातकताईचा. खादी म्हणजे सेंद्रिय, हा समज आपल्याकडे फार पक्का आहे. पण खादीचा पेळू बहुतेक वेळा बाजारातल्या नेहमीच्याच कापसाचा असतो, आणि खादी भांडारात पॉलिस्टर मिसळलेलं पॉलीवस्त्रही शेजारच्याच कपाटात मिळतं. विचारून घ्या.

प्रमाणपत्रं पूर्ण भरवशाची आहेत का? नाहीत. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये गॉट्सनेच भारतातली एक मोठी लबाडी उघड केली. सरकारी संकेतस्थळाची हुबेहूब नक्कल करून, त्याला जोडणारे क्यूआर कोड छापून, खोटी व्यवहार प्रमाणपत्रं तयार केली गेली होती. २०,००० टन कापूस त्यावर सेंद्रिय म्हणून गेला. ११ कंपन्यांवर बंदी आली. जगात सेंद्रिय कापूस पिकवण्यात भारत आघाडीवर, त्यामुळे ही लाज आपलीच. शिवाय तयार कापडावरून खरंखोटं ओळखणं जवळपास अशक्य आहे: प्रक्रियेत डीएनएचे तुकडे होतात, बीटीची चाचणी कच्च्या कापसावर किंवा रुईवरच नीट होते. हे वाचून ‘मग सगळंच थोतांड’ असं म्हणून हात झटकणारे भेटतील. मी तसं म्हणणार नाही. परवाना क्रमांक तपासणारं गिऱ्हाईक वाढलं की लबाडी महाग पडते, आणि क्रमांक न तपासता नुसता गोल पाहून पैसे मोजणारं गिऱ्हाईक तिला खतपाणी घालतं.

पैसे कशावर घालावे

आता शीर्षकाकडे येऊ. फायदा शेतात होत असेल तर तो जमिनीतच मोजायला हवा.

महाराष्ट्रात कापसाचं उत्पन्न हेक्टरी साधारण ३५० किलो रुई धरा. म्हणजे एक किलो रुईला २८-२९ चौरस मीटर जमीन एक हंगाम लागते; पाव गुंठ्याहून थोडी जास्त. टी-शर्टाचं वजन दीड-पावणेदोनशे ग्रॅम. सूतगिरणीतली आणि कापणीतली नासाडी धरून त्याला पाव किलोच्या आत रुई लागते, म्हणजे सुमारे ७ चौरस मीटर शेत. डबल बेडची सुती चादर उशांच्या अभ्र्यांसकट किलोभर भरते. तिला लागणारी रुई सव्वा किलोच्या घरात, शेत ३५ चौरस मीटर. चांगला जाड टॉवेल अर्धा किलो. आणि दहा किलो रुईची गादी भरायची म्हटलं तर जवळजवळ तीन गुंठे. सेंद्रियचं उत्पन्न कमी धरलं तर हे आकडे आणखी थोडे वाढतील.

म्हणून आधी चादरी, टॉवेल, पंचे, पलंगपोस, पडदे. या वस्तूंना फॅशन नसते, माप चुकत नाही, वर्षानुवर्षं टिकतात आणि रंग नसला तरी चालतं. न रंगवलेली, न विरंजलेली, सुताच्या मूळ पिवळसर रंगाची चादर मिळाली तर घ्याच; रंगाईचा सगळा खटाटोप वाचतो. त्यानंतर रोजचे कपडे: बनियन, परकर, लेंगे, घरात घालायचे कुडते. समारंभाचा, वर्षातून दोनदा घालायचा कुडता सेंद्रिय आहे की नाही याने शेताला फारसा फरक पडत नाही. टी-शर्ट हा खरं तर शेवटी येतो, पण जाहिरात त्याचीच जास्त, कारण त्यावर मजकूर छापता येतो.

किमतीचाही हिशेब करून पाहा. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. पाव किलो रुईसाठी पाऊण किलोच्या आत कापूस लागतो. म्हणजे एका टी-शर्टात शेतकऱ्याचा कापूस साठ रुपयांच्या आतला. सेंद्रिय म्हणून त्याला १५ टक्के जास्त भाव मिळाला असं धरलं, तरी फरक आठ-नऊ रुपयांचा. मग दुकानात शेकड्यांनी रुपये जास्त का? प्रमाणपत्राचा खर्च असतो, छोट्या लॉटसाठी जिनिंग आणि सूतगिरणी वेगळी चालवावी लागते, परवानगी असलेले रंग महाग असतात. उरलेलं ब्रँडचं. महाग कपडा म्हणजे शेतकऱ्याला जास्त पैसे, असं समजू नका. शेतकऱ्यांच्या गटाशी थेट बांधलेले, गावाचं किंवा गटाचं नाव सांगणारे छोटे उत्पादक पुष्कळदा मोठ्या ब्रँडपेक्षा स्वस्त पडतात.

अशी काही ठिकाणं ठाऊक असावीत. वर्ध्याचं मगन संग्रहालय, १९३८ मध्ये गांधीजींच्या हस्ते सुरू झालेलं, नैसर्गिक रंगांच्या खादीसाठी ओळखलं जातं. वर्ध्याजवळच गोपुरीला विनोबांनी उभं केलेलं ग्रामसेवा मंडळ आहे. कच्छमध्ये भुजजवळच्या कुकमा गावी ‘खमीर’ ही संस्था काला कॉटनची कापडं करते. काला कॉटन हा कच्छचा जुना देशी कापूस, पावसावर येणारा, फवारणी आणि रासायनिक खत न मागणारा. पुष्कळदा त्यावर प्रमाणपत्राचा गोल दिसणार नाही. तरी त्याचा माग काढता येतो, कोणी पिकवला कोणी विणला हे सांगता येतं, आणि माझ्या लेखी ते गोलाइतकंच मोलाचं.

देशी कापसाची गोष्ट आपल्याकडेही आहे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे एकेए मालिकेतले वाण, परभणीच्या विद्यापीठाचे पीए मालिकेतले वाण रसशोषक किडींना चांगली टक्कर देतात आणि ताण सोसतात. जुन्या देशी वाणांचा धागा आखूड, म्हणून गिरण्यांना नको असतो; परभणीकरांनी लांब धाग्याचे देशी वाण काढून ती तक्रार बरीच कमी केली. जाडसर चादरी, सतरंज्या, डेनिम यांना तर आखूड धागाही उत्तम चालतो. ‘देशी कापसाचं आहे का’ हा प्रश्न विक्रेत्याला विचारत राहा. आज उत्तर बहुधा नाही असं येईल.

घेतल्यानंतर

इथे फार सांगण्यासारखं नाही, कारण आपल्या आया-आज्यांना ते सगळं येत होतं. थंड पाण्यात धुवा, उन्हात वाळवा, रंगीत कपडे उलटे करून वाळत घाला. कडक इस्त्रीचा अट्टहास घरातल्या कपड्यांना नको. चादर मधे विरली की मधोमध फाडून कडेच्या बाजू मधे घेऊन शिवायची, हा जुना उपाय आजही चालतो आणि चादरीचं आयुष्य दीड-दोन वर्षांनी वाढवतो. तिच्या ३५ चौरस मीटर शेताचा फायदा तितकाच जास्त वसूल होतो. अगदी चिंध्या झाल्यावर कंपोस्टात घालायचं असेल तर इलॅस्टिक, बटणं आणि शिवण कापून काढा. कापड सुती असलं तरी शिवणीचा दोरा बहुधा पॉलिस्टरचा असतो.

एकटं गिऱ्हाईक आणि गठ्ठ्याचं गिऱ्हाईक

सेंद्रिय प्रमाणपत्र मिळवायला कापसासारख्या हंगामी पिकाला दोन वर्षांचा रूपांतर काळ लागतो. या काळात शेतकरी सगळे नियम पाळतो, उत्पन्नातली घट सोसतो आणि कापूस मात्र साध्या भावाने विकतो. पुष्कळ गट इथेच मोडतात. गॉट्सच्या चिठ्ठीवर कधी कधी ‘इन कन्व्हर्जन’ असं लिहिलेलं दिसेल. ते कमी प्रतीचं समजून बाजूला ठेवू नका. तो याच चढावरचा कापूस आहे, आणि तुमच्या पैशाची गरज सगळ्यांत जास्त त्यालाच आहे.

दुसरी अडचण बियाण्याची. कृषी केंद्रात बीटीच्या पाकिटांची थप्पी असते. बिगरबीटी बियाणं मागितलं तर दुकानदार हात वर करतो. मागणी पक्की असल्याशिवाय ते कोणी तयार करत नाही, आणि एकेका टी-शर्टाच्या गिऱ्हाइकाला ती मागणी पक्की करता येत नाही. ती करू शकतात शाळा, वसतिगृहं, दवाखाने, लहान हॉटेलं, देवस्थानांची भक्तनिवासं. शंभर खोल्यांच्या भक्तनिवासाला चादरी आणि टॉवेल मिळून अडीच-तीनशे किलो रुई सहज लागते, म्हणजे जवळपास दोन एकर कपाशी. पाच भक्तनिवासं मिळाली तर दहा एकर होतात, आणि एका गावातल्या आठ-दहा शेतकऱ्यांचा गट त्यावर उभा राहू शकतो.

तुम्ही अशा एखाद्या संस्थेच्या समितीवर असाल, शाळेच्या पालक सभेत असाल, तर बोलणं सुरू करायची वेळ कापड खरेदीची नाही, पेरणीआधीची आहे. कापूस मृगात पेरला जातो. बियाणं मे अखेर हातात असावं लागतं, म्हणून शेतकरी गटाशी भाव आणि वजन फेब्रुवारी-मार्चमध्येच ठरवावं. दसऱ्यानंतर वेचणी सुरू होते आणि संक्रांतीपर्यंत चालते. जिनिंग आणि सूत फेब्रुवारी-मार्चपर्यंत, कापड एप्रिलमध्ये, शिवण मेमध्ये. पुढच्या वर्षीच्या जूनमध्ये गणवेश किंवा चादरी हव्या असतील तर या वर्षीच्या होळीआधी गटप्रमुखाला फोन गेलेला असला पाहिजे. करारात तीन गोष्टी लिहून घ्या: बाजारभावावर किती टक्के जास्त देणार, पाऊस हुकून माल कमी आला तर काय करायचं, आणि पैसे वेचणीनंतर किती दिवसांत देणार. तिसरी सगळ्यांत जास्त भांडणाची असते, तिच्यावर आधी बोला.